सैनिकाच्या वतीने कोण बोलतं?

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान जर्मनीविरुद्धच्या युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. त्याआधी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळाला विचारलं नव्हतं की प्रांतांतल्या लोकनियुक्त मंत्रिमंडळांना. साऱ्या देशाच्या नावाने एक माणूस बोलला आणि पुढच्या सहा वर्षांत सुमारे २५ लाख हिंदी माणसं गणवेशात गेली.

तेरा महिन्यांनी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वर्ध्याजवळच्या पवनार गावात विनोबा भावे यांनी या घोषणेला जाहीर उत्तर दिलं. इंग्रजांच्या युद्धाला माणसांची किंवा पैशांची मदत करणं चूक आहे आणि युद्धाचा प्रतिकार अहिंसेनेच व्हायला हवा, एवढाच त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्यांनी तारा तोडल्या नाहीत, रूळ उखडले नाहीत, भरतीच्या रांगेतून कोणाला हात धरून बाहेर काढलं नाही. ते फक्त बोलले. २१ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा मिळाली. सरकारने ‘हरिजन’ साप्ताहिकालाही बजावलं, की या सत्याग्रहाची हकीगत आधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवल्याशिवाय छापायची नाही. गांधीजींनी अंकच बंद ठेवले. युद्धकाळात सत्तेला बंदुकीइतकीच धास्ती वाक्याची वाटते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून निवडलेले हे विनोबा मूळचे गागोदे बुद्रुकचे. पेण तालुक्यातल्या, डोंगराच्या आडोशाला असलेल्या या लहानशा गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. विनोबांचं बालपण गागोद्यात गेलं आणि मग वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्याला गेलं.

गागोद्याचे विनोबा आणि लष्कर यांचा संबंध जोडणं प्रथमदर्शनी ओढूनताणून वाटेल. पण त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं वाङ्मयीन काम एका रणांगणाभोवतीच उभं आहे. त्यांची आई रुक्मिणीबाई गीता ऐकायला जात, पण संस्कृत त्यांना उमगत नसे. मराठीत काही मिळालं तर पाहा, असं त्यांनी मुलाला सांगितलं. जी मराठी भाषांतरं हाती आली ती त्यांना जड गेली. मग तूच का लिहीत नाहीस, असं त्या म्हणाल्या. १९१८ च्या साथीत त्या गेल्या. त्यानंतर बारा वर्षांनी विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर मराठीत प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तुरुंगाच्या भिंतीआड, सत्तेच्या पहाऱ्यात, लढाईच्या तोंडावर शस्त्र खाली ठेवणाऱ्या एका योद्ध्याची गोष्ट साध्या बोलीत सांगितली जात होती.

त्या गोष्टीत एक बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणी सैन्य उभं आहे आणि ‘मी का लढू?’ हा प्रश्न विचारण्याची मुभा त्यातल्या एकालाच आहे. तो राजपुत्र आहे, त्याचा सारथी प्रत्यक्ष भगवंत आहे आणि त्याच्यासाठी युद्ध थांबून राहतं. पायदळातल्या कोणाला असा प्रश्न पडला असेल, तर त्याची नोंद महाभारतात नाही. लष्करी अनुभव आणि भाषा यांचं नातं तपासायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. सैनिकाला काय वाटलं हे कोणी विचारलं, कोणत्या भाषेत विचारलं आणि उत्तर कोणी लिहून ठेवलं?

ही तपासणी करायला कुलाबा जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. पेणहून मुंबई-गोवा रस्त्याने दक्षिणेला निघालं की माणगाव लागतं आणि त्यापुढे महाड. हा सारा टापू लष्करभरतीचा. भातशेतीच्या लहान तुकड्यांवर वर्ष निघत नसे, म्हणून घरटी एखादा मुलगा मुंबईच्या गिरणीत, एखादा जहाजावर, एखादा पलटणीत अशी वाटणी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. महाड तालुक्यातल्या एका आंबवडे गावाच्या नावाआधी तर ‘फौजी’ हा शब्द कायमचा लागला आहे.

या गावांतला पोरगा पलटणीत गेला की त्याची भाषा पहिल्या दिवसापासून बदलायला लागे. घरची बोली बराकीत चाले, पण हुकूम इंग्रजीत येत. कवायतीच्या मैदानावर त्या इंग्रजीचा अर्थ समजण्याची गरज नव्हती. आवाज ऐकला की अंग हललं पाहिजे, एवढंच. पहारेकऱ्याने अंधारात कोणी दिसल्यावर विचारायचा ‘हू कम्स देअर’ हा सवाल देशी शिपायांच्या तोंडी ‘हुकुमदार’ होऊन बसला. अर्थ अनोळखी होता, पण उत्तर आलं नाही तर गोळी झाडायची हे पक्कं ठाऊक होतं. इंग्रज अधिकारी आणि शिपाई यांच्यातला रोजचा व्यवहार हिंदुस्तानीत चाले, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात शिपायाला जी भाषा शिकवत ती रोमन लिपीतली उर्दू होती. म्हणजे मराठी मुलाने परकी भाषा परक्या लिपीत शिकायची आणि तिच्या परीक्षांवर आपली बढती अवलंबून ठेवायची. स्वातंत्र्यानंतर ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने मुड’ हे हुकूम आले आणि रोमन उर्दूची जागा देवनागरी हिंदीने घेतली. मराठा लाइट इन्फन्ट्रीसारख्या पलटणीत तर देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून आलेल्या अधिकाऱ्याला जवानांची मराठी शिकून घ्यावी लागते. वरच्याने खालच्याची भाषा शिकायची हा नियम इंग्रजांच्या काळातही होता. त्यांच्या अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत. मात्र तेव्हा शिकणारा परका राज्यकर्ता होता, आणि त्याची भाषा हुकूम देण्यापुरती असली तरी त्याचं चाले.

घरी जाणाऱ्या पत्राचं तर आणखीच कठीण. पहिल्या महायुद्धात बहुतेक शिपाई निरक्षर होते. मजकूर तोंडी सांगायचा, लिहिता येणाऱ्या सोबत्याने तो लिहायचा, सेन्सॉरने तपासायचा आणि गावात पोचल्यावर मास्तरांनी किंवा तलाठ्याने मोठ्याने वाचून दाखवायचा. नवरा-बायकोच्या मध्ये तीन परके पुरुष बसलेले. अशा पत्रात आठवण, भीती, राग यांतलं किती येणार? फ्रान्सच्या आघाडीवरच्या हिंदी सैनिकांनी त्यावर तोड काढली होती. सेन्सॉरच्या नजरेतून सुटावं म्हणून ते सांकेतिक भाषेत लिहीत: काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं घरी कळवलं की समजणाऱ्याला समजे. सेन्सॉरच्या कचेरीला हे उमगलं आणि त्यांनी त्याचीही नोंद केली. आज इतिहासकारांना या शिपायांचा जो काही आवाज ऐकू येतो, तो बराचसा त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या अहवालांतून, इंग्रजी भाषांतरात.

आता महाडकडे यावं, कारण इथे गोष्ट जास्त गुंतागुंतीची होते.

महाडजवळच्या रावदळचे गोपाळ बाबा वलंगकर हे इंग्रजी फौजेतून १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. महार समाजातल्या माणसाला त्या काळात गावात पाण्याच्या काठावर उभं राहण्याचीही बंदी होती. पलटणीत मात्र त्याला वर्दी होती, हुद्दा होता, आणि मुख्य म्हणजे शाळा होती. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या मुलामुलींना शिकवण्याची सोय असे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि त्यांच्या मुलाने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, पुढे या शिक्षणाचं ऋण स्वच्छ शब्दांत सांगितलं. म्हणजे जी सत्ता या माणसांना हुकमाखाली ठेवत होती, तिनेच त्यांच्या हातात लेखणीही दिली. वलंगकरांनी ती लगेच चालवली. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली आणि अस्पृश्यता कोणत्या आधारावर पाळता असे थेट सवाल धर्माच्या ठेकेदारांना विचारले. निवृत्त हवालदार वृत्तपत्रांतून लिहितो आहे, जाब मागतो आहे, हे कोकणात नवं होतं.

मग दरवाजाच बंद झाला. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची भरती थांबवली. ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिनलढाऊ जाती’ अशी विभागणी तेव्हाच्या लष्करी वरिष्ठांनी पक्की केली होती. लॉर्ड रॉबर्ट्स हे तिचे मोठे पुरस्कर्ते. दोन शब्दांची ही चिठ्ठी कोणत्या समाजाला चिकटवायची हे कागदावर ठरलं आणि हजारो घरांची पोटापाण्याची, शिक्षणाची, मानाची वाट बंद झाली. १८९४ मध्ये वलंगकरांनी मुंबई लष्कराच्या सरसेनापतींसाठी अर्ज तयार केला. आम्ही मूळचे क्षत्रिय, आमच्या पूर्वजांनी कंपनीसाठी रक्त सांडलं, आम्हाला परत घ्या, असा त्याचा सूर होता.

हा अर्ज वाचताना मन अस्वस्थ होतं. ज्या माणसाने जातीच्या उतरंडीला उघड आव्हान दिलं, त्यालाच सरकारपुढे ‘आम्हीही क्षत्रिय’ असं म्हणावं लागलं. कारण सरकारला समजणारी भाषा तेवढीच होती. सत्तेशी बोलायचं तर सत्तेचेच शब्द वापरावे लागतात, आणि ते वापरताना आपलं खरं म्हणणं किती शिल्लक राहतं हा प्रश्न दर अर्जदाराला पडतो. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुढाकार घेऊन दख्खनच्या महारांचा जो अर्ज थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे पाठवला, तो इंग्रजीत होता. कांबळे पुण्यात मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते आणि इंग्रजी त्यांनी स्वतःच्या मेहनतीने मिळवली होती. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धाची गरज म्हणून १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर तीही मोडण्यात आली. पुन्हा १ ऑक्टोबर १९४१ ला, दुसऱ्या महायुद्धात, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. गरज लागली की लढाऊ, गरज संपली की बिनलढाऊ, असा हा व्यवहार पन्नास वर्षं चालला.

या माणसांच्या बाजूने एकच पुरावा भक्कमपणे उभा होता आणि तो दगडाचा होता. भीमा कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तिथे जो स्तंभ उभारला, त्यावर इंग्रजीबरोबर मराठीतही मजकूर कोरलेला आहे आणि पडलेल्या शिपायांची नावं आहेत. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ येतं. महार पुरुषांच्या नावाला जोडला जाणारा तो जुना प्रत्यय. सरकारने ती नावं जात दाखवायला कोरली नव्हती. हजेरीपटावर होती तशी कोरली. पण पाऊणशे वर्षांनी ‘तुम्ही लढाऊ नाही’ असं सरकारनेच सांगितल्यावर ती बावीस नावं साक्षीला उभी राहिली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे गेले ते उगाच नाही.

याच्या उलट पहिल्या महायुद्धानंतरच्या पाट्या पाहाव्यात. भरतीच्या गावांत सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. बस्स. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात गेले ते परतलेच नाहीत. गाव आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखलं जातं. नावाऐवजी आकडा कोरणं हा भाषेचाच एक प्रकार आहे. आकड्याला आई नसते, वाडी नसते, आणि त्याच्या नावाने कोणी अर्ज घेऊन येऊ शकत नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या मनात दुष्टावा असेलच असं नाही, पण गावकऱ्यांनी मात्र ते आकडे पुढे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी नावांनी भरून काढले.

त्या युद्धातला मराठी पलटणींचा सर्वांत जीवघेणा प्रसंग मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराचा. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. अन्न संपत आलं तसं जनरल टाउनशेंड यांनी घोडे कापायला सांगितलं. हिंदी शिपाई घोड्याचं मांस खाईनात. तेव्हा हिंदुस्थानातून बिनतारी संदेशाने धर्मगुरूंच्या परवानग्या मागवण्यात आल्या. त्या आल्यावरही कित्येकांनी खायचं नाकारलं, कारण गावी परतल्यावर पंगतीत बसवून घेणारे शेजारी होते, तारेतले धर्मगुरू नव्हते. हुकूम, धर्माज्ञा आणि गावाचा शब्द अशा तीन सत्ता त्या उपाशी माणसाच्या डोक्यावर एकाच वेळी बसल्या होत्या. शेवटी एप्रिलमध्ये पुष्कळांनी ते मांस खाल्लं. तोवर अंगातलं बळ गेलं होतं.

कुतमध्ये अडकलेली ११० वी पलटण पुढे फेररचनेत पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. याच बटालियनमध्ये माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे भरती झाले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, नाईक घाडगे यांची तुकडी जवळून आलेल्या मशिनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. घाडगे एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा गारद केला, मग टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर तिचे घाव घातले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांचा प्राण गेला. वय अवघं बावीस. नोव्हेंबरमध्ये लंडन गॅझेटमध्ये त्यांचा मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर आहे, म्हणजे ज्यांची कबर ज्ञात नाही अशांच्या यादीत. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

गॅझेटमधल्या त्या छोट्या परिच्छेदाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. घाडग्यांच्या शौर्याविषयी कोणाच्या मनात तिळमात्र शंका नसावी. पण तो मजकूर त्यांनी काय केलं एवढंच सांगून थांबत नाही. त्यांच्या मनात काय होतं तेही सांगतो. जराही न कचरता, सोबत यायला आता कोणी उरलं नाही हे पुरतं जाणून ते पुढे गेले, अशा अर्थाचे शब्द त्यात आहेत. ते जाणून होते की नव्हते, आजूबाजूला पडलेल्या सोबत्यांच्या हाका त्यांच्या कानांवर येत होत्या का, मागे फिरावंसं वाटलं का, हे सांगायला ते राहिले नव्हते. प्रशस्तिपत्राचा साचाच तसा असतो: संकोच नाही, भीती नाही, संताप नाही. जगातल्या सगळ्या सैन्यांची शौर्यपत्रं याच साच्यात लिहिली जातात. त्यामुळे वीराला मोठेपण मिळतं आणि माणूस मात्र हरवतो. बावीस वर्षांचा कोकणी मुलगा भीती वाटत असूनही पुढे गेला असेल, तर त्याचं धैर्य कमी ठरत नाही. उलट ते अधिक मोलाचं ठरतं.

आतापर्यंतची बहुतेक उदाहरणं दुसऱ्याने बोलण्याची, मोजण्याची, लिहिण्याची आहेत. मुंबईच्या बंदरात फेब्रुवारी १९४६ मध्ये मात्र खालच्यांनीच तोंड उघडलं, आणि त्याचं निमित्त शिव्यांचं होतं.

‘तलवार’ हे रॉयल इंडियन नेव्हीचं संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र कुलाब्यात होतं. मुंबई शहरातल्या कुलाब्यात, जिल्ह्यातल्या नव्हे. नौदलाची जुनी भरती रत्नागिरी-कुलाब्याच्या किनाऱ्यावरून होई. युद्धकाळात मात्र देशभरातून शिकलेली मुलं आली, आणि संदेशवहन विभागाला तर इंग्रजी येणारी मुलं हवीच होती. त्यांना चांगल्या नोकरीची, मानाची आश्वासनं दिली होती. प्रत्यक्षात खाण्यात खडे, पगारात गोऱ्या खलाशांशी मोठी तफावत आणि वागणूक अपमानाची. कमांडर एफ. डब्ल्यू. किंग केंद्राचे प्रमुख झाल्यावर त्यांच्या तोंडी ‘कुत्रीची पोरं’, ‘कुलींची पोरं’, ‘रानटी’ हे शब्द आले. मुलांनी ८ फेब्रुवारीला रीतसर तक्रार केली. ती टोलवली गेली. आधीच बलाई चंद्र दत्त या खलाशाला भिंतींवर ‘जय हिंद’, ‘क्विट इंडिया’ लिहिल्याबद्दल पकडलं होतं. १८ फेब्रुवारीला मुलांनी न्याहारी नाकारली. ‘खाणं नाही तर काम नाही’ ही घोषणा झाली.

शिवी ही लष्करात किरकोळ बाब मानली जाते. उस्ताद शिव्या देतात, रंगरूट ऐकून घेतात, त्यानेच माणूस घडतो असं कित्येक जुने फौजी आजही मनापासून सांगतात. पण उस्तादाची शिवी आणि किंगची शिवी यांत फरक होता. उस्ताद त्याच मातीतला असतो, त्याच लंगरात जेवतो. किंगची शिवी जन्मावर, वंशावर, बापाच्या धंद्यावर होती आणि ती देणाऱ्याच्या पाठीशी अख्खं साम्राज्य उभं होतं. शिवाय या मुलांना इंग्रजी येत होतं. बिनतारी यंत्रावर दिवसभर इंग्रजी संदेश घेणाऱ्या-पाठवणाऱ्या मुलांना त्यातला शब्द न् शब्द कळत होता. साम्राज्याने कामापुरती शिकवलेली भाषा इथे साम्राज्यावरच उलटली.

पुढे जे घडलं ते संदेशवहनाच्या मुलांनाच जमण्यासारखं होतं. बिनतारी यंत्रं त्यांच्याच हातात होती. ‘तलवार’मधली बातमी जहाजाजहाजांवर गेली, कराचीपर्यंत पोचली. दोन-तीन दिवसांत ७८ जहाजं, किनाऱ्यावरची २० ठाणी आणि सुमारे २० हजार खलाशी उठावात होते. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष असलेली संप समिती उभी राहिली. तिच्या मागण्यांत पगार, खाणं, कैद्यांची सुटका यांच्याबरोबरच कमांडरच्या अपमानास्पद भाषेबद्दल कारवाई ही मागणी होती. अपमानाची नोंद मागण्यांच्या कागदावर पगाराच्या शेजारी आली, हे फार मोठं पाऊल होतं. व्हाइस अ‍ॅडमिरल गॉडफ्री यांनी २१ तारखेला रेडिओवरून बजावलं, की सरकारकडे प्रचंड बळ आहे आणि ते वापरताना नौदल नष्ट झालं तरी बेहत्तर. मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, दोनशेहून अधिक नागरिक मेले. सरदार पटेलांच्या सांगण्यावरून २३ तारखेला खलाशांनी शस्त्रं ठेवली. आम्ही हिंदुस्थानपुढे शरण जातो, ब्रिटनपुढे नाही, असं सांगून. पुढे चौकशी आयोग बसला आणि त्याच्यापुढे या मुलांनी साक्षी दिल्या. अनेकांना नोकरीतून काढलं गेलं. स्वतंत्र भारतानेही त्यांना लगेच परत घेतलं नाही, हे लिहिताना आजही शरम वाटते.

गागोद्याच्या विनोबांनी लष्कराची भाषा आणखी एका वाटेने वळवली. १९५७ मध्ये केरळात त्यांनी शांतिसेना उभी केली. कल्पना मूळची गांधीजींची. सेना, सैनिक, शिस्त, सज्जता हे सगळे शब्द त्यांनी ठेवले आणि शस्त्र तेवढं काढून टाकलं. दंगलीत दोन जमावांच्या मध्ये जाऊन उभं राहायचं, प्रसंगी मार खायचा, मरायचं, पण मारायचं नाही. त्याच वर्षी ‘जय हिंद’च्या पुढे जाऊन त्यांनी ‘जय जगत’ ही घोषणा दिली. शांतिसेना मोठी झाली नाही. पण सैनिकाच्या धैर्यावर फक्त सैन्याचाच हक्क नाही, हा तिचा दावा गंभीरपणे घेण्यासारखा आहे, आणि त्यासाठी विनोबांनी लष्कराला नावं ठेवली नाहीत, त्याचेच चांगले शब्द मागून घेतले.

आजच्या सैन्यात जवानाची भाषा पुष्कळ सन्मानाने वावरते. १९०९ मध्ये उर्दू आणि रोमन उर्दूत सुरू झालेलं ‘फौजी अखबार’ आज ‘सैनिक समाचार’ म्हणून तेरा भाषांत निघतं, त्यांत मराठी आहे. जमादार हा जुना हुद्दा जाऊन १९६५ मध्ये नायब सुभेदार आला. पेन्शनीवर आलेल्या माणसाला गाव नावाने हाक मारत नाही, ‘सुभेदार’ म्हणतं, आणि त्याच्या शब्दाला ग्रामसभेत वजन असतं.

तरीही जवानाच्या वतीने दुसऱ्यानेच बोलण्याची सवय गेलेली नाही. महिला अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती द्यावी की नाही, हा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला तेव्हा सरकारने लेखी म्हणणं मांडलं, की सैन्यातले जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात आणि महिला अधिकाऱ्याचा हुकूम मानायला त्यांची मनं अजून तयार नाहीत. महाड-माणगावच्या, साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या जवानाच्या मनात काय आहे, ते दिल्लीतल्या इंग्रजी कागदावर त्याच्या वतीने लिहिलं गेलं. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने हा युक्तिवाद फेटाळला, तो साचेबंद समजुतींवर उभा असल्याचं सांगितलं आणि तीन महिन्यांत अंमलबजावणी करायला फर्मावलं. निकालात उदाहरणं दिली तीही बोलकी होती: २०१६ मध्ये पुण्यात झालेल्या अठरा देशांच्या ‘फोर्स १८’ या संयुक्त सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी, आणि सेनादिनाच्या संचलनात पुरुषांच्या तुकडीपुढे चालणाऱ्या कॅप्टन तानिया शेरगिल. त्या दोघींच्या मागे चालणारे जवानही गावांतूनच आलेले होते, आणि हुकूम मिळताच त्यांची पावलं बरोबर पडली होती. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडली. त्यांच्यातल्या काही जणी लवकरच कोकणातल्या आणि देशावरच्या पोरांना त्यांच्याच बोलीत नाव-गाव विचारतील, आणि त्यांच्याविषयीचे अहवालही लिहितील.